कोलकात्यातल्या चार संध्याकाळी

प्रश्न : मी नाशिकला राहते, वय 43. एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दर महिन्याला एक आठवडा मला कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका कार्यालयात काम करायचे आहे. सोमवारी सकाळी पोचते आणि शुक्रवारी दुपारच्या विमानाने निघते, म्हणजे दर फेरीत चार संध्याकाळी हाताशी असतात. काम साडेपाचला संपते. पहिल्या फेरीतल्या चारही संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत गेल्या. जरा आडवी होते, मोबाइल हातात घेते, जेवण खोलीतच मागवते आणि मग उठवत नाही. बरोबरचे सहकारी मॉलमध्ये जातात आणि मग कुठेतरी ‘बसतात’. मला त्यात रस नाही. मी शाकाहारी आहे, बंगाली येत नाही, एकटीने फिरायची सवय नाही. घरी नवरा एकटा मुलाची दहावी सांभाळत असताना आपण परगावी हिंडायचे, हे मनाला पटतही नाही. पण कोलकाता कसे आहे असे उद्या कोणी विचारले, तर खोलीतल्या पडद्यांचा रंग सांगावा लागेल, याचेही वाईट वाटते. लग्नाआधी गाणे शिकत होते, वाचनाची आवड आहे. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सगळ्यांत कामाचे वाक्य ‘मग उठवत नाही’ हे आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे. बंगाली येत नाही, सवय नाही, शाकाहारी आहे, या अडचणी खऱ्या असल्या तरी त्या खोलीच्या दाराबाहेरच्या आहेत. तुमची संध्याकाळ त्याआधीच, पलंगावर पाठ टेकताक्षणी संपलेली असते. मी स्वतः सत्तावीस वर्षे विम्याच्या नोकरीत गावोगाव मुक्काम केले आहेत आणि त्यातली पहिली काही वर्षे अगदी याच पद्धतीने घालवली आहेत. एवढ्या वर्षांत एकच नियम उपयोगी पडला, तो तुम्हाला सांगतो : कार्यालयातून खोलीवर जायचेच नाही. लॅपटॉप कार्यालयात कुलूपबंद ठेवता येत असेल तर तिथेच ठेवावा, पिशवीत चालायच्या चपला, पाण्याची बाटली आणि एक शाल टाकून सकाळीच निघावे आणि साडेपाचला थेट मेट्रोची वाट धरावी. तोंड धुवायला म्हणून दहा मिनिटे जरी खोलीवर गेलात, तरी परत बाहेर पडण्याची शक्यता निम्म्यावर येते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना ती जाणवत नाही आणि आपल्याकडच्यांच्या ती लक्षात येत नाही. कोलकाता नाशिकच्या पूर्वेला साडेचौदा रेखांश आहे आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने तिथला सूर्य जवळजवळ एक तास आधी मावळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला नाशिकला सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, तर कोलकात्यात पाचलाच दिवे लागलेले असतात. त्यामुळे साडेपाचला तुम्ही बाहेर पडता तेव्हा चांगलाच अंधार असतो आणि ‘आता रात्र झाली, कुठे जायचे’ असे शरीरच म्हणू लागते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जानेवारी होता. नाशिक-पुण्याच्या अंदाजाने, थोडा उजेड असेलच या भरवशावर मी एका संग्रहालयाच्या दारात पोचलो, तेव्हा पहारेकरी साखळी लावत होता आणि रस्त्यावर झालमुडीवाल्याने, म्हणजे तिकडच्या भेळवाल्याने, कंदील पेटवला होता. चूक माझीच होती. तेव्हा व्हिक्टोरिया मेमोरियल, इंडियन म्युझियम ही दिवसा उजेडाची ठिकाणे तुमच्या यादीतून आताच काढून टाका. एखाद्या फेरीत शनिवार जोडून मिळाला तर तेवढ्यापुरती ती राखून ठेवा. उलट पहाट तिथे लवकर होते, हेही ध्यानात असू द्या. सकाळी सव्वासहाला उजाडलेले असते आणि हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटावर झेंडूच्या माळांचे ढीग त्या वेळी माणसाच्या उंचीचे झालेले असतात. एखादी संध्याकाळ थकव्यात गेली, तर तिची भरपाई सकाळी करता येते.

आता प्रत्यक्ष जायचे कुठे? तुमचे कार्यालय सेक्टर फाइव्हमध्ये आहे ही अडचण नसून सोय आहे. ऑगस्ट 2025 पासून तिथली हिरवी मेट्रो सलग हावडा मैदानापर्यंत जाते. एस्प्लेनेडला, म्हणजे शहराच्या मध्यावर, तुम्ही अर्ध्या तासाच्या आत पोचता. काही वर्षांपूर्वी हेच अंतर संध्याकाळच्या गर्दीत टॅक्सीने काटताना माणसाचा जीव मेटाकुटीला येत असे. म्हणून माझी सूचना अशी की, एका संध्याकाळी एकच ठिकाण ठरवावे आणि ते याच मार्गावरचे किंवा फार तर एकदा गाडी बदलून गाठता येणारे असावे. पाच महिने तुम्ही तिथे जाणार आहात. चार दिवसांच्या सहलीला आलेल्या माणसाप्रमाणे एका रात्रीत चार ठिकाणे उरकण्याची तुम्हाला काहीच गरज नाही. त्या शहरात राहणारी बाई कामावरून सुटल्यावर जसे एखादे काम करून घरी जाते, तशी तुमची संध्याकाळ असावी.

पहिली संध्याकाळ नदीला द्या. सेक्टर फाइव्हला बसून थेट हावड्याला जा. महाकरण स्थानक सुटले की गाडी हुगळीच्या पात्राखाली शिरते आणि काही क्षण खिडकीबाहेर निळे दिवे दिसतात. नदीखालचा हा टप्पा अर्धा किलोमीटरच्या आसपास आहे आणि पाऊण मिनिटात संपतो. डब्यातली रोजची माणसे मान वर करूनही पाहत नाहीत, नवखी मात्र लगेच ओळखू येतात. हावड्याचे स्थानक जमिनीखाली तीस मीटरहून खोल आहे, त्यामुळे सरकत्या जिन्यांवरून वर येईपर्यंत बराच वेळ जातो. वर आलात की समोर नदीचा घाट आहे. तिथे लाँचचे तिकीट काढा, ते काही रुपयांचेच असते, आणि जी नदी आत्ता खालून ओलांडली तीच पाण्यावरून परत ओलांडा. लाँच बाबूघाटाला किंवा फेअरलीच्या धक्क्याला लावते. डावीकडे हावडा पूल दिव्यांत उभा असतो. 1943 मध्ये खुला झालेला हा पूल नटबोल्ट न वापरता रिव्हेटांनी जोडलेला आहे आणि नदीत त्याचा एकही खांब नाही, ही गोष्ट पुस्तकात वाचून कळत नाही, लाँच त्याच्या जवळून जाऊ लागली की कळते. लाँचच्या कठड्याशी उभी असलेली माणसे बहुतेक घरी निघालेली असतात : कोणाच्या हातात भाजीची पिशवी, कोणाच्या काखेत गुंडाळलेली चटई, आणि धक्का जवळ आला की लाँच पुरती टेकण्याआधीच ती उड्या मारून उतरतात. तुम्ही मात्र दोर बांधून होईपर्यंत थांबा. लाँचची सेवा रात्री लवकर थांबते, म्हणून शेवटची फेरी कितीची आहे ते घाटावरच विचारून घ्या. फेअरलीला उतरलात तर महाकरण स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. साडेआठपर्यंत तुम्ही हॉटेलवर असाल.

पुस्तकांसाठी कॉलेज स्ट्रीट आहे, हे तुम्ही ऐकले असेलच. त्यासाठी सियालदाहला उतरून पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते. सियालदाह स्थानकासमोरच्या मोठ्या रस्त्यावर क्षणभर थांबा, कारण तिथे आपल्या माणसांचा एक चमत्कारिक ठसा आहे. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालात शिरल्या, तेव्हा त्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या लोकांनी गावाभोवती खंदक खणायला घेतला. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत आणि खंदकही अर्धवट राहिला. पुढे 1799 मध्ये तो बुजवून त्यावर रस्ता केला, तोच हा जुना सर्क्युलर रोड. बागबाजारात आजही ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. सरकारी घोडा नि हत्यार घेऊन लढणाऱ्या आपल्या ‘बारगीर’ शब्दाचे तिथे ‘बर्गी’ झाले, आणि बंगाली आया त्या बर्गीची भीती घालून पोरांना झोपवू लागल्या. आपण शाळेत हा इतिहास घोड्याच्या पाठीवरून शिकलो. तिथे तो पाळण्यातून शिकवला जातो. नाशिकहून आले आहे असे सांगितल्यावर एखादे वयस्कर गृहस्थ ‘बर्गी!’ म्हणून हसले, तर राग मानू नका. ती त्यांची गप्पांना सुरुवात असते.

कॉलेज स्ट्रीटवरची दुकाने रात्री लवकर आवरायला लागतात, तेव्हा तिथे रेंगाळायचे असेल तर त्या दिवशी कार्यालयातून वेळेवर निघा. बंगाली वाचता येत नसले तरी फुटपाथवरच्या टपऱ्यांत इंग्रजी पुस्तके भरपूर मिळतात. वर, पहिल्या मजल्यावर, इंडियन कॉफी हाउस आहे. पंखे उंच, आवाज मोठा, आणि फेटेवाले वाढपी कोणालाही उठवत नाहीत. दुधाशिवायच्या कॉफीला तिथे ‘इन्फ्युजन’ म्हणतात. एकटीने टेबल अडवून बसायला संकोच वाटेल असे तुम्हाला वाटत असेल, तर माझा अनुभव सांगतो : गर्दी असली की दुसरे कोणी येऊन त्याच टेबलाशी बसते आणि तुमच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कॉलेज स्क्वेअरजवळचे 1918 चे पॅरामाउंट हे सरबताचे दुकानही चुकवू नका. शहाळ्याच्या पाण्याचे आणि मलईचे तिथले ‘डाब सरबत’ प्यायल्यावर रात्रीचे जेवण अर्धे होते.

जानेवारीच्या फेरीबद्दल मी मुद्दाम वेगळे लिहितो, कारण त्या महिन्यात तुमच्या दोन्ही आवडी भागतात. 22 ते 25 जानेवारीला दक्षिण कोलकात्यात नझरुल मंचावर डोव्हर लेन संगीत संमेलन असते. ते 1952 पासून चालत आले आहे आणि मैफली रात्रभर रंगतात. दुसऱ्या दिवशी काम असताना रात्रभर बसणे जमणार नाही. पण सुरुवातीची दोन गाणी-वाजवणी ऐकून उठले, तर कोणी नावे ठेवत नाही. तुमची जानेवारीची फेरी त्या आठवड्यात बसवता येते का, हे आताच वरिष्ठांशी बोला. तिकडचे श्रोते शांत बसतात आणि दाद तोलूनमापून देतात. आपल्याकडच्या ‘क्या बात है’ची सवय असलेल्या माणसाला पहिला अर्धा तास चुकल्यासारखे वाटते. जानेवारीच्या शेवटी सॉल्ट लेकमध्येच, करुणामयी मेट्रो स्थानकाला लागून, कोलकाता पुस्तक मेळा भरतो. तो तुमच्या कार्यालयापासून एका स्थानकावर आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत, तेव्हा तिथे न जाण्याचे कोणतेही कारण मी ऐकून घेणार नाही.

त्याच सुमारास कुमारटुलीला, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीतही जा. एस्प्लेनेडला निळ्या मेट्रोत बदलून शोभाबाजार सुतानुटीला उतरावे आणि विचारत विचारत नदीच्या बाजूला जावे. दुर्गापूजेआधी तिथे पाय ठेवायला जागा नसते. सरस्वतीपूजेआधीच्या दिवसांत मात्र निवांत पाहता येते. आपल्याकडे पेणला गणपती होतात ते साच्यातून, आणि रंगाच्या वासाने कारखाना ओळखू येतो. इथे आधी वास येतो तो ओल्या मातीचा आणि पेंढ्याचा. बांबूच्या चौकटीला पेंढा सुतळीने आवळून आवळून माणसाचा आकार आणतात, त्यावर चिकट मातीचा जाड थर, तो वाळून तडकला की नदीच्या बारीक मातीचा हात आणि तडे बुजवायला मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. अरुंद गोठ्यासारख्या त्या जागेत पिवळ्या दिव्याखाली रांगेने सरस्वती उभ्या असतात, सगळ्या एकाच उंचीच्या, कोणाला अजून डोके बसवायचे आहे, कोणाची बोटे वेगळी करून फळीवर वाळत ठेवली आहेत. बोटे पाहा. प्रत्येक बोट वेगळे वळून, नखाची जागा काडीने दाबून केलेले असते. फोटो काढण्याआधी कारागिराला विचारा. कामात असलेल्या माणसाच्या तोंडासमोर मोबाइल धरणे तिथेही वाईटच दिसते.

नाटकाबद्दल थोडक्यात लिहितो. रवींद्र सदन स्थानकाजवळ अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्सच्या रंगमंचावर बहुतेक संध्याकाळी बंगाली नाटक असते. भाषा कळत नाही म्हणून जाऊ नये असे नाही. कालिदास कलामंदिरात वाढलेल्या प्रेक्षकाला नट खरा आहे की खोटा, हे शब्दांवाचूनही कळते. पण प्रयोग साडेसहाच्या सुमारास सुरू होतात, तेव्हा त्या दिवशी कार्यालयातून पंधरा मिनिटे लवकर सुटावे लागेल.

शाकाहाराची काळजी तुम्ही उगाच करता. बंगाली घरात मासळीशिवाय पान हलत नाही हे खरे, पण रस्त्यावर कचोरी, राधाबल्लभी (डाळीचे सारण भरलेली पुरी) आणि खोबऱ्याचे तुकडे घातलेली हरभऱ्याची गोडसर डाळ पोटभर मिळते, आणि मारवाडी वस्ती मोठी असल्याने शुद्ध शाकाहारी भोजनालयेही चिकार आहेत. आपली पाणीपुरी तिथे ‘फुचका’ होते, तिच्यात गोड चटणी नसते आणि बटाटा जिभेला झोंबेल इतका तिखट असतो. झालमुडीत कच्चे मोहरीचे तेल घालतात. पहिल्या घासाला नाकात जाते, तिसऱ्या दिवशी आपली भेळ फिकी वाटू लागते. केक-पेस्ट्रीत अंडे धरूनच चाला. ‘आमी निरामिष’ एवढे दोन शब्द पाठ केले तर बहुतेक कामे होतात. पण ‘निरामिष’ म्हणजे कांदा-लसूणही नको, असा अर्थ काही जण घेतात. शिवाय बंगालीत पाणीसुद्धा ‘खातात’, हे माहीत असले की निम्मे गोंधळ टळतात.

सुरक्षिततेविषयी स्पष्ट लिहितो. गर्दीच्या रस्त्यांवर रात्री नऊपर्यंत एकट्या बाया सर्रास दिसतात आणि मेट्रोत महिलांसाठी जागा राखीव आहेत. पण कार्यालये सुटल्यावर सेक्टर फाइव्हमधले आडवे रस्ते ओस पडतात, आणि अंधार पडल्यावर ‘मैदान’ म्हणतात त्या शहराच्या मध्यावरच्या मोठ्या मोकळ्या जागेच्या आत जाऊ नये. स्थानकापासून हॉटेल लांब असेल तर शेवटच्या टप्प्याला ॲपवरची टॅक्सी करा आणि नवऱ्याच्या मोबाइलवर ठिकाण कळते ठेवा. शेवटची मेट्रो कितीला आहे, हे सोमवारीच पाहून ठेवा.

सहकाऱ्यांशी फटकून वागू नका, असेही सांगेन. चारातली एक संध्याकाळ त्यांना द्यावी, सोबत जेवावे आणि ‘बसायची’ वेळ झाली की नमस्कार करून निघावे. ते सॉल्ट लेकच्या सिटी सेंटरला जात असतील, तर तो मॉल अगदीच टाकाऊ नाही : चार्ल्स कोरिया यांनी त्याची रचना केली आहे आणि आत पायऱ्यांचे उघडे कुंड ठेवले आहे. संध्याकाळी त्या पायऱ्यांवर काहीही खरेदी न करता तास तास गप्पा मारत बसलेली तरुण मंडळी दिसतील. मॉल बांधून त्याचा घाट करणे हे त्याच शहरात शोभते.

आता घरचे. तुम्ही खोलीत पडून राहिल्याने मुलाचे एकही गणित सुटत नाही. रात्री नऊ ही वेळ फोनसाठी ठरवून टाका. तेव्हा तो अभ्यासातून उठलेला असेल आणि तुमच्याकडे सांगायला लाँच, बर्गी, नाहीतर सरस्वतीची बोटे असतील. रोज ‘जेवलास का, अभ्यास झाला का’ या दोन प्रश्नांवर संपणारा फोन त्यालाही नको झाला असेल, असा माझा अंदाज आहे. मात्र फेब्रुवारी-मार्चच्या फेऱ्यांबद्दल मी तुमच्या मनाच्या बाजूने आहे. दहावीची परीक्षा त्याच दिवसांत येते, तेव्हा त्या दोन फेऱ्या पुढे-मागे करता येतील का, किंवा काम दुरून करता येईल का, हे डिसेंबर संपायच्या आत कंपनीला लेखी विचारा. ते जमले नाही, तर त्या फेऱ्यांत संध्याकाळी सरळ व्हिडिओ कॉलवर त्याच्या शेजारी बसा. कोलकाता कुठे पळून जात नाही.

एक संध्याकाळ काहीही न ठरवता मोकळी ठेवा आणि तिथे हॉटेलजवळच्या एकाच चहावाल्याकडे दर फेरीत जा. मातीच्या ‘भाँड’मध्ये चहा देणारा पाहा, पेला लहान असतो, दोन घ्यावे लागतात. दुसऱ्या फेरीत तो तुम्हाला ओळखेल, तिसऱ्या फेरीत विचारण्याआधी साखर कमी घालेल. चार भिंतींच्या परक्या खोलीत जी एकटेपणाची कळ येते, तिच्यावर याहून स्वस्त औषध मला सापडलेले नाही. फार मराठी ऐकावेसे वाटले, तर हाजरा रस्त्यावर महाराष्ट्र निवास आहे.

शेवटची संध्याकाळ, म्हणजे गुरुवार, घरच्यांच्या खाऊसाठी ठेवा. थंडीत खजुरीच्या झाडाच्या रसाचा नवा गूळ येतो आणि त्या ‘नोलेन गुडा’चे संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, मार्चनंतर मिळत नाहीत. दुकानात मऊ संदेश पाहून भुलू नका. तो ‘नरमपाक’, आणि मुंबई विमानतळावरून नाशिकला पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. ‘कडापाक’ मागा, प्रवासाला न्यायचा आहे असे सांगा, आणि डबा हातातल्या पिशवीत ठेवा.